तीन खाचा

घुबडरावांनी आपल्या बायकोचे आयुष्यातले एकमेव फोटो स्वतःच्या हातांनी वाया घालवले, हे आता त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. नाट्यगृहाच्या मॅनेजरपासून कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत कुणालाही विचारा, तो आधी चुकचुकेल आणि मग सांगेल, की माणूस हुशार हो, पण नेमक्या वेळी माती खाल्ली. जन्मभर परक्यांचे चेहरे टिपले आणि घरच्या माणसाच्या वेळी विसरला. दिव्याखाली अंधार, असंही कुणीतरी म्हणतं, आणि आपण फार मार्मिक बोललो असं त्याला वाटतं. म्हणू द्या. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

घुबडराव हे खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. ते नाटकांचे फोटो काढायचे. अगदी सुरुवातीला एका प्रयोगात त्यांनी फ्लॅश मारला आणि रंगमंचावर मरून पडलेला नट दचकून उठून बसला. नाटक शोकान्त होतं, पण प्रेक्षक पोट धरधरून हसले. मॅनेजरने त्यांना विंगेत गाठून बजावलं, की पुन्हा उजेड पाडलास तर कॅमेऱ्यासकट बाहेर. तेव्हापासून समोर जेवढा उजेड असेल तेवढ्यावरच भागवायचं, असं त्यांनी ठरवलं. एका मेणबत्तीचा प्रवेश असला तरी ते खुर्च्यांच्या मधल्या वाटेत मांडी घालून बसत आणि कुणाच्या लक्षातही न येता फोटो काढत. अंधारात दिसतं म्हणून घुबड, आणि केस पिकल्यावर मान म्हणून पुढे राव.

अंधारात फोटो काढण्याची युक्ती तशी सोपी आहे, निस्तरणं कठीण. प्रत्येक फिल्मची एक कुवत असते. अमुक एवढा उजेड मिळाला तर मी चित्र देईन, असं ती डबीवर छापून सांगते. घुबडराव तिचं ऐकायचे नाहीत. तिला लागतो त्याच्या निम्मा, पाव, अगदीच वेळ पडली तर त्याहून निम्मा उजेड द्यायचा आणि राहिलेली कसर डार्करूममध्ये भरून काढायची. म्हणजे रोल धुताना तो डेव्हलपरमध्ये नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवायचा. मग उपाशी राहिलेली फिल्मसुद्धा चित्र देते. याला ते रोल ताणणं म्हणत. ताणलेल्या रोलला एक खोड असते, त्यात दाणे उठतात. गाल, कपाळ, मागची भिंत, सगळं रवाळ होतं, आणि काळं असेल ते आणखी काळं होतं.

मॅनेजरने असा पहिला फोटो पाहिला तेव्हा त्यावरून बोट फिरवलं आणि वाळू सांडली आहे का, असं विचारलं. पण घुबडरावांचा त्या दाण्यांवर जीव जडला होता. भांडणाच्या प्रवेशाला किती दाणा हवा, प्रेमाच्या प्रवेशाला किती, याचा ते आधीच विचार करायचे आणि तसा रोल कमीजास्त ताणायचे. एका म्हाताऱ्या नटाचा त्यांनी काढलेला फोटो पुढे नाट्यगृहाच्या दाराशी पुरुषभर मोठा करून लावला गेला. लांबून पाहावं तर थकलेला चेहरा, जवळ जावं तर नुसते काळे-पांढरे कण, माणूस गायब. लोक पुढेमागे होऊन तो बघत आणि एकमेकांच्या पायावर पाय देत. नटांना या कलेतलं फारसं काही कळत नसे. आपल्या सुरकुत्या त्यात लपतात एवढं कळायचं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

रोल धुण्याचं काम मात्र घुबडरावांचं नव्हतं, ते बायकोचं. स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या खोलीत तिचं राज्य होतं. तिथे एक दगडी बेसिन, दाराच्या फटींना चिकटवलेलं काळं कापड, भिंतीवर ओळीने अडकवलेले चिमटे आणि फोटो छापताना लावायचा लाल दिवा होता. रोल धुताना तोही चालत नाही. ठार काळोखात डबी उघडायची, फिल्म बोटांनी चाचपत रिळावर चढवायची आणि टाकीत बंद करायची. घुबडराव हे काम करायला गेले की फिल्म दुमडायची, आणि ती म्हणायची, तुम्ही बाहेर जाऊन नटांच्या मागे पळा, इथे माझ्या पायात येऊ नका.

कुठला रोल किती ताणायचा, हे पूर्वी ते चिठ्ठीवर लिहून देत. चिठ्ठ्या ओल्या व्हायच्या, पडायच्या, आणि एकदा तर अदलाबदल होऊन लहान मुलांचं नाटक कोळशासारखं काळंकुट्ट निघालं. त्यावर ती जे बोलली ते घुबडराव जन्मात विसरले नाहीत. ती म्हणाली, "चिठ्ठीवरचं मी अंधारात काय कपाळानं वाचू?" मग उपायही तिनेच काढला. तिची धाकटी बहीण शिवणकाम करायची. कापडाचा पुढचा भाग कुठला, मागचा कुठला, हे कळावं म्हणून ती काठाला कात्रीने बारीक खाचा पाडते, ते हिने पाहिलं होतं. तसंच फिल्मचं करायचं. फिल्म कॅमेऱ्यात घालताना तिचं जे निमुळतं टोक पुढे असतं, ज्याला ते दोघं जीभ म्हणत, तिच्या कडेला आधीच खाच पाडून ठेवायची. एक खाच म्हणजे थोडा ताण, दोन म्हणजे जास्त, तीन म्हणजे हद्द. फोटो काढून झाले की रोल जिभेसकट डबीत गुंडाळला जायचा. डार्करूममध्ये ती डबी उघडायची, अंगठ्याने जीभ चाचपायची आणि त्याप्रमाणे वेळ द्यायची. नंतर जीभ कापून टाकायची. इतकी वर्षं झाली, एकही रोल चुकला नाही. त्या दोघांच्या संसारात बरीच भांडणं झाली, पण खाचेवरून कधीच नाही.

आता एवढे रोल हाताखालून गेलेल्या बाईचा एकही फोटो नाही, याला काय म्हणावं? लहानपणी तिला देवी येऊन गेल्या होत्या आणि चेहरा व्रणांनी भरला होता. कॅमेरा दिसला की ती पदराआड जायची, नाहीतर कुणाच्या तरी पाठीमागे. लग्नाच्या घोळक्यातल्या फोटोतही तिचा एक खांदा तेवढा आहे. घुबडरावांनी मिनतवाऱ्या केल्या, रुसून पाहिलं, चोरून काढायचाही प्रयत्न केला. तो रोल तिने धुतला आणि नेमकं तेवढं एक चित्र कात्रीने काढून कचऱ्यात टाकलं. शेवटी एकदा हसत हसत तिने अट घातली. "काढा. पण असा काढा, की फिल्मचे दाणे कुठले आणि माझे कुठले, हे मलासुद्धा कळता कामा नये."

घुबडराव म्हणाले, त्यात काय, काढतो. मग आज उजेड जास्त, उद्या प्रयोग, परवा दौरा, असं करत वर्षं गेली. घरचं माणूस कुठे जातंय, असं आपण सगळेच समजतो. त्यांनीही तोच शहाणपणा केला.

मग ती आजारी पडली, आणि आजार जाणारा नव्हता. औषधांनी केस गेले, अन्नाची चव गेली, उजेड डोळ्यांत टोचू लागला. खोलीला जाड पडदे लागले. एक छोटा दिवा तेवढा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असे. डॉक्टरांनी घुबडरावांना दाराबाहेर बोलावून सांगितलं, की या औषधाने बोटांची टोकं हळूहळू बधिर होत जातील, गरम भांड्याला हात लावू देऊ नका. घुबडरावांनी घरी येऊन तिला गरम भांड्याचं सांगितलं. बोटांचं सांगितलं नाही. ब्लाउजचा हूक लावताना तिची बोटं हुकाच्या आसपास उगाच फिरतात, हे त्यांना दिसत होतं. तिलाही जाणवत असणारच. पण दोघंही मूग गिळून बसले. ती म्हणायची, मेला हा हूकच वाकडा आहे. ते म्हणायचे, हो ना, नवा आणायला हवा.

एक दिवस दुपारी ती पडल्यापडल्या म्हणाली, "उजेड आता पुरेसा कमी आहे ना हो?" त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ते उठून कॅमेरा आणायला गेले. नव्या रोलच्या जिभेला नखं कापायच्या कात्रीने त्यांनी एकाखाली एक तीन खाचा पाडल्या. तीन खाचांची वेळ क्वचितच यायची. कात्री जरा जास्तच दाबली गेली आणि खाचा नेहमीपेक्षा खोल गेल्या. मग त्यांनी तिचे फोटो काढले. भिंतीवरून परतलेला उजेड तिच्या एका गालावर येत होता, उशीची कड उजळत होती आणि बाकी सगळा काळोख होता. ती कॅमेऱ्याकडे सरळ बघत होती. संबंध आयुष्यात पहिल्यांदाच ती लपली नाही. एकदा तर हसलीसुद्धा, आणि म्हणाली की घुबडासारखे काय बघताय. दोन-तीन दुपारी मिळून रोल संपला.

हा रोल आपण स्वतःच धुवायचा, हे घुबडरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. तिला ते बोलून दाखवण्याची छाती मात्र झाली नाही, कारण 'का?' असं तिने विचारलं असतं तर बोटांचा विषय निघाला असता. म्हणून रोल कॅमेऱ्यातून काढल्याचंही त्यांनी सांगितलं नाही. आणि मग त्यांनी काय केलं, तर वर्षानुवर्षं रोल ज्या पत्र्याच्या डब्यात टाकत आले, त्याच डब्यात तो टाकला. जित्याची खोड. हाताला सवय होती, हात गेला. डब्यात त्या वेळी मोकळ्या मैदानावरच्या एका तालमीचे रोल पडले होते, भर उन्हातले, बिनखाचेचे. मॅनेजर त्या फोटोंसाठी घायकुतीला आला होता. संध्याकाळी बसून धुतो, असं त्याला फोनवर सांगून घुबडराव कामावर गेले.

पलंगावरून तिने तो फोन ऐकला. दुपारी, आजारपणात सोबतीला येऊन राहिलेली बहीण शिवलेले कपडे पोचवायला बाहेर पडली, तेव्हा ती भिंतीला धरत धरत डार्करूमपर्यंत गेली. काळोखाने तिचे डोळे दुखत नसत. त्या घरात तिला सुखाने उभं राहता येईल अशी तेवढी एकच खोली उरली होती. तिने डब्यातले रोल उघडले, एकेक जीभ अंगठ्याने चाचपली, सगळ्या सारख्याच गुळगुळीत लागल्या. उन्हातल्या तालमीचे रोल, खाच असायचं कारणच नव्हतं. रिळावर चढवायला तिला फार वेळ लागला. तळहाताने, मनगटाने, कशीबशी तिने ती चढवली. सगळ्यांना नेहमीचा वेळ दिला, धुतले, चिमट्यांनी टांगले आणि घामाने भिजून परत येऊन पडली.

घुबडराव घरी आले तेव्हा ती खुशीत होती. किती दिवसांनी तिच्या आवाजात जुना ठसका होता. ती म्हणाली, की नवरा नटांच्या मागे पळत असला म्हणून काही कामं अडत नाहीत, रोल धुऊन टांगले आहेत. आणि एक रोल फारच पातळ आला आहे, लाल दिव्यातसुद्धा कळतंय. उजेड मोजायचा विसरलात की काय?

डार्करूममध्ये जाऊन त्यांनी तो रोल काढला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरला. जवळजवळ काचेसारखी स्वच्छ पट्टी होती. डोळे बारीक केले की उशीची कड दिसायची, एका गालाची धूसर कोर दिसायची, आणि बस. जी फिल्म हद्दीपर्यंत ताणायची, तिला नेहमीचा वेळ मिळाला होता. एकदा धुतलेला रोल पुन्हा धुता येत नाही. भाकरी कच्ची राहिली तर पुन्हा तव्यावर टाकता येते, फिल्मचं तसं नाही. शेजारच्या रोलवर त्यांना आणखी काहीतरी दिसलं. फिल्म बोटांत दुमडली की तिच्यावर नखाएवढ्या चंद्रकोरी उमटतात. घुबडरावांनी धुतलेल्या रोलवर त्या असायच्या. तिच्या रोलवर त्यांनी आजवर एकही पाहिली नव्हती. आज प्रत्येक रोलवर होत्या.

मग त्यांनी खाली वाकून बेसिनखालच्या बादलीत शोधलं. कापून टाकलेल्या जिभा तिथे पडल्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर तीन खाचा होत्या. चांगल्या खोल, आंधळ्यालाही लागाव्यात अशा. ती जीभ त्यांनी खिशात घातली. त्यांना रडू आलं आणि तोंडात रुमाल कोंबावा लागला, कारण पलीकडे ती जागी होती.

बाहेर आले तेव्हा तिच्याही डोक्यात चक्र फिरलेलं होतं. ती काही दूधखुळी नव्हती. तिने विचारलं, "तो पातळ रोल माझा होता ना?"

हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मी त्याला नेहमीचा वेळ दिला." ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती. अंधारात बोटं काय दिसणार, पण बघत होती. "जीभ चाचपली होती मी. खाच नव्हती. की होती?"

एवढं आयुष्य तिचं या बोटांवर गेलं होतं. चेहऱ्याने तिला काही दिलं नाही, जे दिलं ते बोटांनी. नाट्यगृहातले लोक घरी आले की आधी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन हाक मारायचे. आता ती होय-नाहीची वाट बघत होती, आणि ते उत्तर फोटोंबद्दलचं नव्हतं, हे घुबडरावांना कळत होतं.

"नव्हती," ते म्हणाले. "पाडायचीच राहिली. मी विसरलो."

तिचा विश्वास बसेना. खाच विसरतील असे हे नव्हेत, जेवायला विसरतील. म्हणाली, ती जीभ आणा, मला बघायची आहे. घुबडराव पुन्हा आत गेले. नव्या रोलची जीभ कात्रीने कापली, कोरी, सपाट, आणि तीही खिशात घातली. खिसा एकच होता. खोलीत काळोख होता. त्यांनी खिशातून एक पट्टी कापलेल्या टोकाशी चिमटीत धरून काढली आणि तिच्या हातात ठेवली.

तिने ती घेतली. अंगठ्याने एकदा चाचपली, मग उलटी करून पुन्हा, मग सावकाश टोकापासून शेवटपर्यंत.

"गुळगुळीत आहे," ती म्हणाली, आणि तिच्या छातीतून एवढा मोठा सुस्कारा बाहेर पडला, की पांघरूण हललं. "मला वाटलं, माझ्या बोटांतलं गेलं."

घुबडरावांना त्या क्षणी बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. आपण शहाण्यासारखं वागलो, असं त्यांना वाटलं. ते तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, की उद्या दुपारी पुन्हा काढू, नवा रोल घालतो, खाचा तुझ्यासमोर पाडतो. सुटकेचा तो क्षण सरला तसा तिच्या मनात राग भरत गेला असावा. बोलली तेव्हा आवाज अगदी शांत होता.

"माझ्या हातून गेला असता ना, तर उद्याच्या उद्या पुन्हा बसले असते. भरपाई म्हणून. पण तुमच्या हातून गेला. आयुष्यात एकदा तोंड वर करून बसले मी, आणि तुम्ही खाच विसरलात. आता नाही."

घुबडरावांनी तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं, आणि ते बोलले असते तर ती उद्या बसली असती, शब्दाची पक्की होती ती. तिचा चेहरा मिळाला असता, आणि तिची बोटं गेली असती. हे सगळं त्यांना दिसत होतं आणि वर तोंड मिटून राहायचं होतं. "बरं," एवढंच ते म्हणाले.

मेहुणीला हे कळलं तेव्हा तिने त्यांना फाडून खाल्लं. ती मुळातच तोंडाची तिखट. ताईने जन्मभर तुमची खरकटी धुतली, ती म्हणाली, आणि भावजी, तुम्हाला एवढं एक काम जमलं नाही? नटव्यांसाठी बरी आठवण राहते. घुबडराव मान खाली घालून ऐकत होते. पलंगावरून बायको म्हणाली, की बरं बोलतेस, आणखी बोल.

मग तिने उशीखाली हात घातला. ती पट्टी तिने जपून ठेवली होती, नवऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून. "हे बघ," ती बहिणीला म्हणाली. "तुझी तर शिवणाऱ्याची बोटं. सांग, आहे का एक तरी खाच?"

खोलीत दिसेना, म्हणून मेहुणी पट्टी घेऊन दारापर्यंत आली. दारात घुबडराव उभे होते. स्वयंपाकघराच्या खिडकीचा उजेड त्या पट्टीवर पडला, आणि दोघांनाही एकदमच दिसल्या. एकाखाली एक, तीन.

घुबडरावांचा हात खिशाकडे गेला. आत दुसरी पट्टी होती. बाहेर काढून पाहायची गरज नव्हती, तरी त्यांनी बोटाने चाचपली. सपाट होती. त्या दिवशी तिने अंगठ्याने पुन्हा पुन्हा चाचपल्या होत्या त्या याच खाचा, आणि तिला त्या लागल्या नव्हत्या.

मेहुणीने कधी काळी कापडाच्या काठावर पाडलेल्या खाचा बघूनच ही युक्ती निघाली होती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने पट्टीवरून अंगठा फिरवला, वर बघितलं. घुबडरावांनी मान हलवली, जेमतेम दिसेल एवढीच.

"सांग ना," आतून आवाज आला.

मेहुणी दारातूनच म्हणाली, "नाही गं ताई. अगदी सपाट आहे."

"बघ," ती आतून म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

त्यानंतर मेहुणी त्यांना कधी टाकून बोलली नाही. जेवण वाढताना ती त्यांच्याकडे बघायची नाही, एवढंच. बायको मात्र शेवटपर्यंत बोलत राहिली. राग तिने सोडला नाही. कुणी भेटायला आलं की सांगायची, यांनी माझा रोल घालवला. सांगताना हात पुढे करून बोटं हलवून दाखवायची, की माझं काही चुकलं नव्हतं. कॅमेरा पाहिला की भिंतीकडे तोंड फिरवायची. अगदी शेवटच्या दिवसांत तिला फारसं बोलणं जमत नव्हतं, तेव्हा एकदा घुबडराव तिचा हात हातात घेऊन बसले होते. तिने तो सोडवून घेतला नाही, पण म्हणाली, "खाच कशी विसरलात हो?" त्यांनी तिची बोटं आपल्या गालावर ठेवली. ती त्यांना लागत होती. तिला त्यांचा गाल लागत होता की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी तो पातळ रोल बाहेर काढला. फिकी निगेटिव्ह थोडी गडद करायचं एक रसायन मिळतं, ते आणलं. बैल गेला आणि झोपा केला. जे फिल्मवर आलंच नाही ते रसायन कुठून आणणार? सगळ्यात कडक, म्हणजे फिकं चित्रही ठसठशीत करणारा कागद घेऊन त्यांनी दिवसचे दिवस छापलं, तिच्याच खोलीत, तिच्याच लाल दिव्याखाली. ट्रेमधल्या कागदावर दाणे उगवायचे, मुठीमुठीने उगवायचे, आणि त्यातून चेहरा वर येईल म्हणून ते वाकून बघत राहायचे. दाण्यांच्या मागून दाणेच यायचे. सगळ्यांत बरा म्हणावा असा एक त्यांनी मोठा करून चौकटीत घातला आणि बाहेरच्या खोलीत लावला.

मेहुणी तो बघायला आली. लांबून पाहिला, जवळून पाहिला. नाट्यगृहाच्या दाराशी लोक करायचे तशी पुढेमागे झाली. मग तिने विचारलं, "भावजी, ताई कुठे आहे यात?"

घुबडरावांनी बोट ठेवून दाखवलं. ही उशी. हा गाल. इथे कपाळ असणार. मेहुणी त्या बोटाकडे बघत राहिली.

"तिनं सांगितलं होतं," ते म्हणाले, "की फिल्मचे दाणे कुठले आणि तिचे कुठले, ते कळता कामा नये."

मॅनेजर आला, नट आले, चहावालाही येऊन गेला. सगळ्यांनी चौकटीसमोर उभं राहून काहीतरी दिसत असल्यासारखं केलं. मॅनेजरने जाताना मेहुणीला हळूच विचारलं, की एवढा पट्टीचा माणूस, खरंच विसरला का हो? घुबडराव आतून ऐकत होते.

"विसरले," मेहुणी म्हणाली, इतक्या तोडून, की त्याने पुढे काही विचारलं नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. पाण्याचा आवाज फार वेळ येत होता, आणि भांडं तर एकही घासायचं नव्हतं.

ती पट्टी उशीखालीच सापडली. घुबडराव आता ती शर्टाच्या खिशात ठेवतात. नाटकांचे फोटो त्यांनी सोडले आहेत. सकाळी उठून शर्ट घातला की आधी ते पट्टीच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवतात. तिन्ही खाचा नीट लागतात.